बागेतला आवळा

मुलांनो, परवा तुम्ही मला इंटरनेटवर सापडलेला आमच्या बागेचा एक फोटो पाठवलात आणि खाली लिहिलंत, "आजी, तुमची बाग किती मस्त झाली आहे!" डिसेंबरात तुम्ही कोलकात्याला, इथे बेहालात येणार आणि फोटोतल्या त्या जिराफाला टेकून फोटो काढणार, हे मला दिसायला लागलं. म्हणून त्याआधीच हे लिहिते आहे. मराठी जड गेलं तर आईकडून वाचून घ्या.

तुमच्या आजोबांची बँक आम्हाला इथे घेऊन आली तेव्हा त्या जागेला बाग म्हणावं असं काही नव्हतं. मध्ये एक तळं, त्याला दगडी पायऱ्या, भोवती वाटेल तसं वाढलेलं गवत, आणि कोपऱ्यात एक आवळा. तुमचे बाबा तिथे गुडघे फोडून घ्यायचे. दर कार्तिकात आम्ही चार-पाच मराठी घरं त्या आवळ्याखाली जेवायला जायचो. मसालेभात, कढी, जिलबी. मला माशिमा, म्हणजे मावशी, म्हणणाऱ्या शेजारच्या बंगाली बायका गॅलरीतून विचारायच्या, "माशिमा, पिकनिक?" झाडाला हळदकुंकू वाहून, सूत गुंडाळून त्याच्याखाली जेवायचं, ही आमची आवळी भोजनाची रीत त्यांना समजावून सांगायचा आम्ही कंटाळा करायचो. पिकनिक तर पिकनिक.

मग कुणालातरी सुशोभीकरणाची हुक्की आली. वस्तीची कमिटी झाली. गवत उपटून हिरवा प्लास्टिकचा गालिचा अंथरला. उन्हात तो असा तापतो की कुत्रीसुद्धा त्यावर बसत नाहीत. तळ्याला निळी फरशी बसवली, म्हणजे आता ते मोठ्या न्हाणीघरासारखं दिसतं. सिमेंटचा जिराफ आला, कचरा टाकायला तोंड वासलेले पेंग्विन आले. कोलकात्यात पेंग्विन! संध्याकाळी जांभळे दिवे लागतात आणि माणसं त्या उजेडात आजारी दिसतात. लोक मात्र खूश. ज्यांना पान आणि प्लास्टिक यातला फरक कळत नाही, त्यांना खूश करणं सोपं असतं.

गेल्या वर्षी कमिटीला फोटो काढण्यासाठी चौथरा बांधायचा होता. जागा हवी होती आवळ्याची. मी शुद्ध इंग्रजीत दोन पानी अर्ज लिहून कमिटीच्या सभेत दिला. मुळं, सावली, पक्षी, सगळं क्रमवार. सेक्रेटरीने तो उलटा धरून त्याने वारा घेतला.

"माशिमा, या झाडाला फुलं नाहीत, काही नाही. दिसायलाही रोगट."

"जिराफाला कुठली फुलं येतात?"

"जिराफाबरोबर मुलं फोटो काढतात, माशिमा. तुमच्या झाडाबरोबर कोण काढतं?"

सभेतली माणसं हसली. इथली जगद्धात्री देवीची पूजा झाली की दुसऱ्या दिवशी झाड तोडायचं ठरलं.

आमची आवळे नवमी नेमकी जगद्धात्री पूजेच्याच दिवशी येते. शेवटचं म्हणून आम्ही डबे घेऊन गेलो. त्या वेळी आमच्यात एक नवीन मुलगी होती, नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे पुण्याहून नुकतीच आलेली. तिला कशातच हात आखडता घेणं माहीत नाही. आम्ही खोडाला बोटभर कुंकू लावतो. हिने पुडीच रिकामी केली. वर लाल खण बांधला, बुंध्याशी नारळ ठेवला. "अगं, पुरे आता," मी म्हटलं. "राहू दे ना काकू, शेवटचीच पूजा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुऱ्हाडवाले आले आणि खोडाकडे बघून त्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. तोवर कुणी जास्वंदीची माळ घातली होती, उदबत्ती लावली होती. सेक्रेटरी धावत आला, चपला काढून त्याने झाडाला नमस्कार केला आणि मलाच रागावला. "माशिमा, हे ठाकूरचं, म्हणजे देवाचं झाड आहे, हे आधी नाही सांगायचं?"

माझा अर्ज त्याच्याच टेबलावर पडला होता.

तिथून पुढचा मूर्खपणा भक्तीचा होता. महिन्याभरात आवळ्याभोवती पांढऱ्या फरशीचा ओटा झाला, थेट खोडाला चिकटून. मुळांना पाणी जाईना. माघात एका बाजूची पानं पिवळी पडून गळली. मी पुन्हा गेले. म्हटलं, झाड गुदमरतंय, थोडी माती मोकळी ठेवा.

"मातीने भक्तांचे पाय खराब होतात, माशिमा."

मी इतकी वर्षं शिकून मिळवलेलं सगळं शहाणपण बाजूला ठेवलं आणि त्याला कळेल अशा भाषेत बोलले. "आमच्यात देवीला मुळाशी पाणी घालतात. फरशीवर ओतलं तर ते तिला पोचत नाही. तहानलेली देवी कोपते."

दुपारपर्यंत गवंडी हजर झाला. झाड मरतंय म्हणून न हललेला माणूस आपलं काही वाईट होईल म्हणून हलला. त्याचे आभार मानायची मला इच्छा झाली नाही, आणि मी ते मानलेही नाहीत.

तुम्ही याल तेव्हा बघा. खोडाभोवती हातभर रुंदीची माती मोकळी आहे. रोज कुणी ना कुणी तिथे तांब्याभर पाणी ओततं. पश्चिमेकडच्या फांद्या वाळल्या, त्या गेल्याच. पूर्वेकडच्या जिवंत आहेत, आणि यंदा त्यांना आवळे आले आहेत, लहान आणि फार तुरट.