आंब्याच्या शेडमधली बाई

जामसंड्याजवळच्या एका हायस्कुलात मी तासिका तत्त्वावर गणित शिकवते. जितके तास, तितके पैसे. त्यामुळे मे महिन्यात शाळा बंद म्हणजे पगारही बंद. पहिली दोन वर्षं मी माहेरी जाऊन काढली. तिसऱ्या वर्षी लाज वाटायला लागली आणि आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला गेले.

आत पाऊल टाकलं आणि समोरच सातवीतल्या एका मुलीची आई. मार्चमध्येच मी तिला शाळेत बोलावून घेतलं होतं. "मुलीला साधे अपूर्णांक येत नाहीत, घरी लक्ष देता की नाही?" असं चारचौघांत विचारलं होतं.

"बाई, तुमी हंय?"

"कामाक इलंय," मी कशीबशी म्हणाले.

ती हसली नाही. सरकून तिने शेजारी जागा केली.

पाच डझनी पेटीचा जड आंबा कुठला, सहा डझनी पेटीचा हलका कुठला, हे नुसतं हातात घेऊन ओळखायचं होतं. माझं दर दुसरं फळ चुकीच्या ढिगात पडायचं. शिवाय देठ मोडायचा, चीक गळायचा. ती चुकलेलं फळ उचलायची, माझ्या तळहातावर ठेवायची आणि त्याशेजारी दुसरं.

"आता बघा. खंयचो जड?"

तीन दिवस ती हेच करत होती. एकदाही आवाज चढला नाही. चौथ्या दिवशी जेवताना मी न राहवून म्हटलं, "तुम्ही माझ्यापेक्षा बऱ्या मास्तरीण आसात."

डब्यातली सुकटीची चटणी माझ्या भाकरीवर ठेवत ती लेकीबद्दल म्हणाली, "माझा चेडू घरी सगळी गणितां करता, बाई. तुमच्या म्होरां उभ्या रवला की घाबरता."

त्या दिवशी मी तिची माफी मागितली. "जेवा गो," एवढंच ती म्हणाली.

जूनमध्ये वर्गात मी फळ्यावर बोलावणं बंद केलं. बाकाशेजारी बसून विचारायला लागले. ती मुलगी पहिले काही दिवस हाताने वही झाकून धरायची. गणपतीच्या सुट्टीआधी एकदा तिने माझीच वजाबाकीची चूक दाखवली, आणि दाखवून झाल्यावर स्वतःच दचकली. मी इतकी हसले की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

माझ्या कायम नेमणुकीचं अजून काही झालेलं नाही. मे महिन्यात मात्र मी माहेरी जात नाही.