करीच्या सकाळी बोट वर धरून

माझं माहेर येवल्याचं. एवढं सांगितलं की लोक लगेच पैठणीचे भाव विचारतात. पैठणी आहेच, माझा धाकटा भाऊ तीच विणतो. पण संक्रांतीचे तीन दिवस येवल्याला साडीबिडी सुचत नाही. त्या तीन दिवसांत आमचं गाव गच्चीवर जेवतं, गच्चीवर नाचतं आणि गच्चीवरून एकमेकांना कापतं. म्हणजे पतंगांना. पण बाहेरून आलेल्याला तो फरक पटकन कळत नाही. समोरच्या गच्चीवरचे आजोबा एरवी देवळात भेटले की डोक्यावर हात ठेवतात. तेच आजोबा पतंग काटला की आमच्या खानदानाचा असा उद्धार करतात की माझे नाशिककर यजमान कानांवर मफलर घट्ट ओढून घेतात. खाली हलगी कडाडत असते, कोणाला तरी फासावर नेत असल्यासारखी. मला हे सगळं फार म्हणजे फार आवडतं. नाशिकला आमच्या गंगापूर रोडवरच्या सोसायटीत संक्रांत म्हणजे हळदीकुंकू आणि वाण म्हणून प्लॅस्टिकचा डबा. त्यात माझा जीव रमत नाही. म्हणून दर वर्षी मी नवऱ्याला गाडीत घालते आणि कापाकापी बघायला माहेरी जाते.

त्या वर्षी ती जरा जास्तच बघायला मिळाली.

संक्रांतीच्या दुपारी भाऊ पेच लढवत होता आणि मी मागे आसारी, म्हणजे मांजा गुंडाळायचं आमचं लाकडी रीळ, धरून उभी होते. पलीकडच्या कोणी दिवट्याने नायलॉनचा मांजा आणला होता. त्याला बंदी आहे, त्यामुळे तो अर्थातच सगळीकडे मिळतो. त्याने एक जोराची ओढ काढली आणि तो धागा भावाच्या उजव्या हाताच्या तर्जनीवरून सुरीसारखा सरकला. भावाने पतंग सोडला नाही. आधी समोरच्याला काटला, वर बघून एक सणसणीत आरोळी ठोकली आणि मग हाताकडे पाहिलं. रक्त कोपरापर्यंत आलं होतं. तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "ताई, बोट वळत नाय."

गावातल्या डॉक्टरांनी जखम बांधली आणि सांगितलं की बोट वळवणारी आतली दोरी निम्मी तुटली आहे, निम्मी कशीबशी टिकून आहे. ती शिवायला नाशिकचे हाताचे सर्जनच हवेत. त्यांनी फोन लावला. सर्जन म्हणाले, उद्या सकाळी घेऊन या, दुपारी मी गावाला चाललोय, मग आठवडाभर नाही. तोपर्यंत हात छातीच्या वर धरायचा आणि त्या बोटाला काडीचाही ताण द्यायचा नाही. उरलेली निम्मी तुटली तर काम अवघड होईल.

पैठणी विणणाऱ्याला तर्जनी म्हणजे काय, हे मी सांगायला हवं का? पदरावरचा मोर रंगीत धाग्यांच्या बारीक कांड्या ताण्यातून एकेक करून फिरवत विणतात, आणि त्या फिरवतं तेच बोट. घरी उद्याच्या निघण्याचं ठरायला लागलं. ते अडवलं माझ्या आईने.

"उद्या कर हाय," ती म्हणाली. "करीला कोणी उंबरा ओलांडतं का?"

संक्रांतीचा दुसरा दिवस म्हणजे कर. त्या दिवशी शुभकार्य नाही, प्रवास नाही. मी वाद घालणार होते, पण आईला मुलाचं बोटही हवं होतं आणि करीचा मानही राखायचा होता, आणि अशा वेळी आमच्याकडे एक जुनी पळवाट आहे: प्रस्थान ठेवणे. वाईट दिवशी निघणं भाग असेल तर आदल्या दिवशी चांगली वेळ बघून प्रवाशाची एखादी वस्तू वाटेवरच्या कोणाच्या तरी घरी नेऊन ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला, असं मानायचं. देव हिशेबात इतका ढिला असेल असं मला वाटत नाही, पण आईचा त्याच्यावर विश्वास आहे. सहसा लोक रुमालात सुपारी बांधून ठेवतात. आईने विचार केला की एवढ्या मोठ्या संकटाला सुपारी पुरायची नाही. प्रवास कोण करणार? गाडी. मग गाडीचंच प्रस्थान ठेवू.

अशी मी संक्रांतीच्या संध्याकाळी, सबंध गल्ली बघत असताना, माझी गाडी गावाच्या कडेला एका ओळखीच्या काकांच्या मोकळ्या प्लॉटवर नेऊन उभी केली. आईने बॉनेटला कुंकू लावलं. आम्ही पायी परत आलो. आई म्हणाली, चला, निघालो आपण.

तो प्लॉट बरोब्बर चार-पाच गच्च्यांच्या पोटात होता, हे आमच्या कोणाच्या ध्यानात आलं नाही. काटलेला सगळा मांजा रात्री तिथेच पडला.

सकाळी धुकं असं होतं की हात पुढे केला तर तो परक्याचा वाटावा. गाडी शोधायला आम्ही चाचपडत गेलो. सापडली ती जाळ्यात गुंडाळलेल्या माशीसारखी. धागे आरशांना, धागे चाकांना, धागे दारांच्या मुठींना. दिसले तेवढे ओढून काढले. माझ्या दोन बोटांवर चिरा पडल्या, यजमानांच्या गालावर एक. मग गाडीत बसले, काचेवरचं दव पुसायला वायपर सुरू केला, आणि आतून असा आवाज आला की कोणीतरी बोकडाची मान पिरगाळतंय. वायपरच्या खोबणीत नायलॉन अडकलेलं होतं. माझ्या बाजूचा दांडा ताणला गेला, थरथरला आणि कडकन तुटून समोरच्या भिंतीवर जाऊन आपटला. दुसरा अर्ध्यावर मेला.

आई पुढच्या सीटवर बसली होती. ती म्हणाली की प्रस्थान ठेवलं म्हणून वायपरवरच निभावलं.

थांबायला वेळ नव्हता. मागे डाव्या बाजूला भाऊ, हात वर, शाळेत उत्तर येत असल्यासारखा. माझ्या मागे यजमान. त्यांना गाडी चालवता येत नाही, पण कल्पना सुचतात. त्यांनी मच्छरदाणीच्या काठीला टॉवेल बांधला, खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर निघाले आणि माझ्यासमोरची काच पुसायला लागले. नाशिकच्या एका सभ्य, निवृत्तीला आलेल्या माणसाला मी धुक्यात असं गाडीला लटकलेलं बघितलं आणि मनात म्हटलं, लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हा अंक आपण बघितला नव्हता.

बैलगाडीच्या चालीने विंचूरपर्यंत आलो. सणानंतर कांद्याचे लिलाव उघडणार म्हणून ट्रॅक्टरांची रांग लागलेली, प्रत्येकाचा फक्त आवाज, आकार नाही. एक ट्रक आमच्या आरशाला चाटून गेला आणि आरसा घेऊन गेला. यजमान विव्हळले, आत आले, चष्मा पुसला, पुन्हा बाहेर गेले. भाऊ मागून शांतपणे म्हणत होता, "दाजी, मरायचं आसंल तर माझं बोट शिवून झाल्यावर मरा."

विंचूर मागे पडलं. यजमान दम घ्यायला आत आले होते, म्हणून ते आज हयात आहेत. समोरचं पांढरं धुकं एकाएकी हिरवं झालं. मी ब्रेक दाबला. उसाने गच्च भरलेली ट्रॉली रस्त्यात उभी होती, ना दिवा ना लाल फडकं. तिच्या मागे लोंबणारे ऊस आमची काच फोडून आत आले. एक माझ्या आणि आईच्या डोक्यांच्या मधून जाऊन मागच्या सीटमध्ये रुतला. काचेचा पांढरा भुगा आमच्या मांडीवर. आम्ही जिवंत आहोत हे लक्षात यायच्या आत मागून एक जीप येऊन आदळली आणि आम्हाला आणखी हातभर उसात घुसवून गेली.

मी आधी मागे बघितलं. भावाचा हात अजून वर होता. बँडेज पांढरं होतं.

आम्ही धडपडत खाली उतरलो. जीपवालाही उतरला, दार तसंच उघडं टाकून. जाड मानेचा, कानटोपीतला माणूस. त्याने कोणाला काही विचारलं नाही, सरळ यजमानांची कॉलर धरली आणि कानाखाली वाजवली. यजमानांच्या हातात मच्छरदाणीची काठी होती. त्यांनी ती, मला सांगायला अभिमान वाटतो, त्याच्या गुडघ्यावर हाणली. तो खाली वाकला आणि वाकल्या वाकल्या यजमानांना घेऊन रस्त्यालगतच्या खोल चारीत गेला. तेवढ्यात रस्त्याकडेच्या शेकोटीपासून ट्रॉलीवाला पळत आला. त्याचं म्हणणं असं की ट्रॉली उभी होती, आणि उभ्या ट्रॉलीला धडक देणारा माणूस तुरुंगात पाहिजे. मी त्याला म्हटलं की दिवा नसलेली ट्रॉली उभी करणारा आधी पाहिजे. तो मला शिव्या घालायला लागला. मी येवल्याच्या गच्चीवर वाढलेली आहे. तो बिचारा दुसऱ्याच फेरीत गप्प झाला.

इकडे आई चारीच्या काठावर उभी राहून जीपवाल्याला सांगत होती की जावयाला सोड, आम्हाला दवाखान्यात जायचंय. तो वर आला आणि वाटेतून बाजूला करावं तसं त्याने तिला ढकललं. ती डांबरावर बसकण मारून पडली.

मी ओरडले, "हात वर ठेव!"

भावाने ऐकलं असेल. पण आई खाली पडलेली त्याने बघितली होती. डावा हात मोकळा होता, धडधाकट होता. राग उजवाच हात उचलतो. ती चपराक अशी बसली की जीपवाल्याची कानटोपी उडाली आणि धुक्यात नाहीशी झाली. दुसरी बसली. तिसरीला माझ्या भावाच्या तोंडून आवाज निघाला. ट्रॉलीवालासुद्धा एक पाऊल मागे सरला. बँडेज मनगटापर्यंत लाल झालं होतं आणि एक बोट बाकीच्यांपासून वेगळं, सरळ बाहेर आलं होतं.

आई उठली. तिने आमच्या काचेतून लोंबणारा ऊस उपसला आणि जीपवाल्याच्या पाठीत घालायला सुरुवात केली. ऊस मोडला की दुसरा. ऊस ट्रॉलीवाल्याचे, पण त्याने हरकत घेतली नाही. उलट तिला एक चांगला जाडजूड काढून दिला. म्हातारीला पाडणारा माणूस त्यालाही आवडला नसावा. मारामारी कशी संपते, माहीत आहे? आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. धुक्यातून भोंगा वाजला, एकदम जवळ. जीपवाल्यासकट सगळे चारीत उड्या टाकून पडलो. एक टँकर जीपचं उघडं दार घेऊन निघून गेला. मी आणि जीपवाला एकमेकांच्या अंगावर पडलो होतो. त्याचं हृदय माझ्या कोपराखाली पाखरासारखं उडत होतं. तो उठला, बिनदाराच्या जीपमध्ये बसला आणि हळूहळू निघून गेला.

ट्रॉलीवाल्याने ट्रॅक्टर पुढे घेऊन आमची गाडी मोकळी केली. यजमानांनी आणि त्याने मिळून उरलेली काच लाथांनी पाडली. भाऊ मागे बसला होता, हात मांडीवर. आता वर धरून काय करायचं, असं तो म्हणाला. मी म्हटलं, धर. आई मागे त्याच्या शेजारी येऊन बसली, त्याचा कोपर स्वतःच्या दोन्ही हातांनी उचलून धरला आणि थेट नाशिकपर्यंत सोडला नाही.

काच गेल्यामुळे पुसायला काही उरलं नव्हतं. मला त्या दिवसात पहिल्यांदाच रस्ता दिसला. पण निफाडचा गारठा आमच्या तोंडावर असा येत होता की दात बाहेरून दुखत होते. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, केसांत काचा. मी मोठ्याने गात होते, कारण नाहीतर रडले असते. नाशिकच्या द्वारका चौकात आलो तेव्हा ऊन पडलं होतं. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला आमच्याकडे टक लावून बघत राहिला. त्याला कुंकू लावलेलं बॉनेट दिसलं, पुढची काच नसलेली चौकट दिसली, उसाची पानं खोवलेली म्हातारी दिसली. त्याने आपली रिक्षा थोडी मागे घेतली.

सर्जन हातात बॅग घेऊन दारातच होते. त्यांनी आम्हा चौघांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "यात पेशंट कोण?"

त्यांनी बॅग ठेवली. बँडेज सोडलं. काय केलं या हाताने, असं विचारलं. ते म्हणाले की काल निम्मी शिल्लक होती ती आज पूर्ण तुटली आहे आणि टोक वर तळहातात सरकलं आहे. शोधून आणावं लागेल. त्यांचं गावाला जाणं लांबलं. ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं आणि आई बाकावर बसली. ती मला म्हणाली, "मी पडले नसते तर?" मी म्हटलं, तू पडली नाहीस, तुला पाडलं. तिच्या पदराला अजून उसाचा वास येत होता.

बोट राहिलं. शिवलं गेलं, मधे कित्येक दिवस पट्टीत बांधून ठेवलं, मग व्यायाम. पण ते पुरतं वळत नाही. पहिल्या पेरात थोडं झुकतं आणि थांबतं. भाऊ पुन्हा मागावर बसला. सुरुवातीला मोरांच्या माना वाकड्या आल्या आणि तो दिवसचे दिवस कोणाशी बोलला नाही. मग कांड्या फिरवायचं काम मधल्या बोटाने उचललं. वेळ जास्त लागतो, पण मोर आता सरळ बघतात.

तर्जनी मात्र ताठ, पुढे रोखलेली. विणतानासुद्धा. साडी बघायला आलेल्या गिऱ्हाइकांना वाटतं, हा आपल्यालाच काहीतरी सुनावतोय, आणि ती घासाघीस न करता उठतात. जेवताना ते बोट समोरच्या माणसावर रोखलेलं असतं, आणि समोर बहुतेक वेळा आई असते. ती भाकरी वाढताना त्याच्या हाताकडे बघत नाही. मागच्या वेळी मी गेले तेव्हा जेवताना तिने मला हळूच सांगितलं की हल्ली ती त्याच्या डाव्या बाजूला बसते.

त्याने ऐकलं. ताटावरून हात उचलला, सबंध वळवून ते बोट तिच्याकडे केलं आणि म्हणाला, "आई, तिकडं बसली तरी हेच हाय."