शेंगतेलाचा उजेड

आज शिरोलीच्या वाटेवर जनरेटरच्या डिझेलचा वास आला आणि शिवाजी पेठेतली एक सांज नाकाशी दाटली. वीज गेलेली, रेशनचे रॉकेल संपलेले, आणि सकाळी माझी स्कॉलरशिपची परीक्षा. बाबांनी कंदिलात डिझेल ओतले. काच काजळली, माझे डोळे झोंबू लागले. आईने कंदील विझवून घरातले उरलेसुरले शेंगतेल समईत ओतले.

“आन् उद्या फोडणी कशाची घालायची?” बाबांनी विचारले.

“बिनफोडणीची आमटी खाऊ की. पोरीचं डोळं बाजारात मिळत्यात व्हय?”

त्या मऊ, पिवळ्या उजेडात अक्षरे स्वच्छ दिसू लागली. तेव्हा मला गंमत वाटली होती. आता कळते, मी किती शिकायचे हे आईने त्याच क्षणी ठरवले होते. दुसऱ्या दिवशी ती फिकी आमटी बाबांनी दोनदा मागून घेतली.