अहवालात गार्ड होता

वहिनींचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात न्हाव्याच्या खुर्चीत बसलो होतो, एका गालाला साबण लावलेला. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी "कधी?" विचारलं. "सकाळी, चहा घेता घेता." फोन ठेवला आणि न्हाव्याला म्हटलं, चालू दे. दुसरा गाल होईपर्यंत मला काही वाटलं नाही. घरी येऊनही वाटलं नाही. प्रभाकर माझा पंचेचाळीस वर्षांचा मित्र, आणि त्यातली शेवटची पाच वर्षं मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. पण वाईट वगळून लिहायचं तर प्रभाकर दोन ओळींत संपेल... तेव्हा आठवतं तसं लिहितो.

मी कोरेगावचा. कॉलेजसाठी सांगलीला आलो आणि गावभागात त्याच्या वडिलांच्या घरी माडीवरची खोली भाड्यानं घेतली. मी इतिहास शिकत होतो, तो इंजिनिअरिंगला होता. पहिल्याच दिवशी त्याच्या आईनं मला जेवायला बसवलं. मी बोलण्याच्या ओघात 'आनि' म्हटलं, तर यानं घास थांबवून दुरुस्त केलं, "आणि. ण." त्याच्या आईला लाज वाटली, त्याला नाही. दुसऱ्याची चूक काढल्याशिवाय त्याला जेवण पचत नसे, आणि स्वतःची चूक मात्र त्याला आयुष्यात कधी सापडली नाही. तरी मी त्याच्याजवळ का राहिलो? हुशार होता म्हणून. बंद पडलेलं यंत्र नुसतं कान लावून ऐकायचा आणि नेमका दोष सांगायचा. खेड्यातून आलेल्या माझ्यासारख्याला तेवढं पुरेसं होतं.

पुढं तो साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागला आणि वाढत वाढत उत्पादनाचा प्रमुख झाला. जर्मनीतल्या एका मोटार कंपनीसाठी तिथं पत्र्याचे सुटे भाग बनत. त्या कंपनीचं नाव मी इथं घेत नाही. त्यानं ते जन्मभर इतकं घेतलं की माझ्या वाटणीचं उरलं नाही. प्रशिक्षणासाठी त्याला सहा महिने तिकडं पाठवलं, तिथं त्यानं कंपनीचं संग्रहालय पाहिलं आणि परत आला तो बदलूनच. जर्मन शिकला. लग्नात, बारशाला, एकदा तर माझ्या वडिलांच्या दहाव्याला नदीवर, तो त्या कंपनीचा इतिहास सांगत बसला होता. संस्थापकाची लहानशी कार्यशाळा, पहिलं इंजिन, मग युद्ध, बॉम्बनं जमीनदोस्त झालेला कारखाना, आणि त्या राखेतून पुन्हा उभ्या राहिलेल्या गाड्या. "आपल्या लोकांना हे जमणार नाही," हे पालुपद प्रत्येक वेळी. आपले लोक म्हणजे आम्ही. तो नाही.

तेव्हा मी दहिवडीला शाळेत शिकवत होतो. माण तालुक्यातली पोरं दहावी झाली की मुंबईची वाट धरत. नामदेव माझा विद्यार्थी, आयटीआय झालेला, शांत स्वभावाचा. त्याला आई एकटीच होती, म्हणून मुंबईला जायचं नव्हतं. मी प्रभाकरकडं शब्द टाकला. "तुझ्या शब्दाखातर घेतो," तो म्हणाला आणि खरंच घेतलं. दोन वर्षांनी पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या यंत्राखाली नामदेवच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

इथं मला एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. रुग्णवाहिकेची वाट न पाहता प्रभाकरनं नामदेवला स्वतःच्या गाडीत घातलं, तुटलेली बोटं बर्फात ठेवून नेली, डॉक्टरांपुढं हात जोडले. बोटं जोडता आली नाहीत. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा हा बाकावर बसला होता, सदरा रक्तानं भरलेला. त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला होता. तिथून तो कारखान्यात गेला आणि त्यानं अपघाताचा अहवाल लिहिला. कामगारानं निष्काळजीपणानं यंत्रात हात घातला, असा.

आठ दिवसांनी नामदेवनं मला खरं सांगितलं. प्रेस खाली येताना हात आत जाऊ नये म्हणून पुढं एक लोखंडी जाळी असते, तिला ते गार्ड म्हणतात.

"सर, त्यो गार्ड आठ दिस काढूनच ठेवला हुता. जर्मन सायब येनार हुते, माल लय मागं पडला हुता. आपलं सायबच म्हनले, गार्डमुळं येळ जातोय, काढा."

"मग तू सांगितलं का नाहीस कुणाला?"

"कागूद आदीच तयार हुता. मी डाव्या हाताचा अंगठा दिला. आन सायबांनीच गाडीतनं आनलं हुतं मला. त्यांच्या तोंडावर कसं म्हनू?"

मी तसाच प्रभाकरच्या घरी गेलो. तो पेपर वाचत होता. मी विचारलं, "यंत्राला गार्ड होता का?"

"अहवालात आहे."

"मी यंत्राचं विचारतोय."

"यंत्राचंच अहवालात लिहितात," तो म्हणाला आणि पान उलटलं.

जर्मन साहेब येऊन खूश होऊन गेले. नामदेवला नंतर हलकं काम दिलं आणि वर्षभरात तेही नाही म्हणून घरी पाठवलं. तो गावी जाऊन मेंढरं राखू लागला. मी काय केलं? काही नाही. तक्रार करतो म्हणालो तर नामदेवच नको म्हणाला, आणि ते नको मला सोयीचं वाटलं. प्रभाकरकडं जाणं येणं कमी केलं, एवढाच माझा पराक्रम.

निवृत्त होऊन तो सांगलीला परतला आणि त्या कंपनीचा इतिहास मराठीत लिहायला घेतला. पाच वर्षांपूर्वी चारशे पानांचं बाड घेऊन साताऱ्याला माझ्याकडं आला. "तू इतिहासाचा माणूस, तपासून दे." मी पंधरा दिवस वाचलं. लिहिलं चांगलं होतं, हे कबूल करायला आजही जिवावर येतं. पण युद्धाच्या प्रकरणात एकच वाक्य होतं, 'या काळात मनुष्यबळाची टंचाई जाणवली, परंतु कंपनीने तीवर मात केली.' मात कशी केली ते मला ठाऊक होतं. जिंकलेल्या मुलखांतली माणसं धरून आणली, कैदी आणले, उपाशी राबवले. कितीक तिथंच मेले. पुढं त्या कंपनीनंच इतिहासकार बसवून हे सगळं लिहून घेतलं आणि छापलं. तो जर्मन ग्रंथ प्रभाकरकडं होता, त्यातली पानं त्यानंच मला एकदा वाचून दाखवली होती.

"ज्यांनी केलं त्यांनी लिहिलं," मी म्हटलं. "तू का गाळतोस?"

"आपल्या तरुणांना प्रेरणा पाहिजे. रडगाणं नको."

"नामदेवचा अहवालही प्रेरणेसाठीच लिहिला होतास का?"

त्यानं कागद एकेक करून जुळवले, दोरी बांधली. "तू शेवटपर्यंत मास्तरच राहिलास," म्हणाला आणि गेला. पुस्तक निघालं, सांगलीत समारंभ झाला, भाषणं झाली. मी गेलो नाही. पुस्तक मात्र टपालानं आलं. ऋणनिर्देशात माझं नाव होतं. सर्व ऐतिहासिक तपशील मी बारकाईनं तपासले म्हणून माझे आभार मानले होते. ते एक वाक्य पुस्तकात जसंच्या तसं होतं. मी त्याला पत्र लिहिलं, उत्तर नाही. मग मीही सोडून दिलं. पण माझं नाव तिथं छापलेलंच राहिलं.

प्रभाकर गेल्याचं मी नामदेवला कळवलं. "वाईट झालं, सर. लय हुशार मानूस हुता," तो म्हणाला. मागं मेंढरांचा आवाज येत होता. मग म्हणाला, "पन खोटं लिवलं त्यांनी."

तेरावा उरकल्यावर मी सांगलीला गेलो. वहिनींनी मला त्याच्या लिहायच्या खोलीत बसवलं. भिंतीवर त्या कंपनीच्या जुन्या गाड्यांची चित्रं, कपाटात फाइली, प्रत्येकीवर वळणदार अक्षरात चिठ्ठी. वहिनी उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पेपरवाले यांच्यावर लेख मागताहेत. तुमच्याइतकं जुनं कोण आहे? तुम्ही लिहा."

"मला चांगलं लिहिता येणार नाही, वहिनी."

"का?"

मी सांगायला लागलो. गार्ड, अहवाल, नामदेवचा अंगठा. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. रक्तानं भरलेला सदरा त्यांनीच धुतला होता, आणि नवऱ्यानं एका पोराचा जीव वाचवला एवढंच त्या इतकी वर्षं लोकांना सांगत आल्या होत्या. ऐकता ऐकता त्या आत आल्या, त्याच्या खुर्चीवर बसल्या. मी खाली मान घालून बोलत होतो. मग त्यांनी मला थांबवलं.

"भाऊजी, हळू का बोलताय?"

माझ्या लक्षात आलं. त्या खोलीत तो लिहीत असताना कुणी आवाज केलेला त्याला खपत नसे, भांडं वाजलं तरी आतून ओरडायचा. तिथं पाऊल टाकलं की आमचा सगळ्यांचा आवाज आपोआप खाली जायचा. आजही माझा आवाज तसाच खाली गेला होता...

"मोठ्यानं सांगा," वहिनी म्हणाल्या. "त्या पोराचं नाव काय म्हणालात?"