तीन वर्षं लहान

समजा, अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या अंगाखालची चादर तुम्हाला बदलायची आहे आणि तिला पलंगावरून उतरवायचं नाही. आधी तिला कुशीवर वळवा. मोकळ्या बाजूची मळकी चादर गुंडाळत तिच्या पाठीपर्यंत न्या आणि त्या जागी नवी अंथरा. मग तिला गुंडाळीवरून अलीकडे वळवून दुसरी बाजू करा. एकटीने. ती शिव्या देत असताना.

धामणकर नाक्याजवळच्या एका खासगी दवाखान्यात धम्मदिना हे रोज करायची. शिव्या ती परत द्यायची. नवऱ्याने टाकल्यापासून ती बापाच्या घरी राहत होती आणि धाकटा भाऊ विकी जेवताना हटकून त्याची आठवण काढायचा. तिला स्वतःच्या खोलीची किल्ली हवी होती, बास.

२००८ साली केसरीनाथ एजंटाने काम आणलं. कुवेतमध्ये एका घरात म्हातारीची देखभाल. व्हिसाही आला. पण तिच्यासारख्या दहावी न झालेल्यांना आखातात कामाला जायचं तर आधी सरकारी परवानगी लागते. मुंबईच्या ऑफिसातल्या बाबूने पासपोर्ट उघडला आणि परत ढकलला. घरकामाला जाणारी बाई तीस वर्षांची हवी, ही सत्तावीसची. तिकडे बायकांचे हाल होतात, दोन्ही देशांत करार झालाय, नियम तुमच्याच रक्षणासाठी आहेत, असं त्याने सुनावलं.

"मी तिशीची आहे," ती म्हणाली. शाळेत घालताना वय कमी लावलं होतं.

"म्हणजे पासपोर्टवर खोटी तारीख दिलीत? लिहून द्या तसं. पोलिसांना बोलावतो."

तिने पासपोर्ट उचलला.

वय कमी लावलं होतं ते बापाने, यादवने. वयाची अट ओलांडली म्हणून त्याची स्वतःची पक्की नोकरी हुकली होती. मुलीला सरकारी नोकरीसाठी जास्त वर्षं मिळावीत म्हणून त्याने मास्तरांना सांगून तीन वर्षं कमी करून घेतली. वस्तीतले बहुतेक बाप तेच करत.

"बाबा, तुम्ही मला तीन वर्षं दिली का घेतली?"

"सायबीन व्हशील म्हनून दिली," यादव म्हणाला. "शाळा तूच सोडलीस."

विकी तोवर कुवेतला गोदामात हमाली करत होता. तोही नववी नापास. बाविसाव्या वर्षी गेला, पण त्याला वयावरून कुणी अडवलं नाही. फोनवर तो म्हणाला, बरं झालं, बाईने घरात राहावं, सरकारला अक्कल आहे.

"तुझा पासपोर्ट कुठाय रे?" तिने विचारलं. पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता, हे त्यानेच मागे हसत सांगितलं होतं. विकीने फोन ठेवला.

केसरीनाथकडे दुसरी वाट तयार होती. नेपाळात जायचं, काठमांडूहून विमान पकडायचं. "तिथं आपल्या सरकारचा कोन विचारत न्हाय."

"मग मी तिथे आहे हे कुणाला माहीत असणार?"

"मी हाय ना."

"तुम्ही असे पाठवलेल्या बायका आता कुठे आहेत, तेवढं सांगा."

केसरीनाथने पासपोर्टसाठी हात पुढे केला, आणि नसेल जायचं तर मागे रांग आहे, असं म्हणाला. तिने पासपोर्ट पर्समध्ये घातला आणि उठली. सड मग दवाखान्यात, हे त्याने जिन्यापर्यंत ऐकवलं.

ती दवाखान्यातच राहिली. कागदावर तिशीची होईन तेव्हा पुन्हा जाईन, म्हणायची. रक्षणाची गोष्ट निघाली की तिचा आवाज चढायचा. तिकडे बायकांना मारतात म्हणून मला इथे दारात अडवलं, ठीक. पण परवानगी घेऊन गेलेल्या तिशीतल्या बाईला तिथे मारलं, तर तिच्या दारात जाऊन कोण उभं राहतं?