खोट्या मेडिकलातली आई

कोपऱ्यात केर साठतो तसे किस्से साठतात. पण झाडणाऱ्या बाईला ते विचारतंय कोण? घरात मी आणि अडीच वर्षांची लेक, दोघीच. म्हणून तुम्हालाच सांगते.

कोल्हापुरातल्या एका फार्मसी कॉलेजात मी झाडलोट करते. तिथं एक खोटं मेडिकल दुकान मांडलंय. खोट्या गिऱ्हाइकाला औषध कसं समजावायचं, ते पोरं तिथं शिकतात. खोकी सगळी रिकामी! पहिल्याच दिवशी मी ती गोळा करून कचऱ्यात घातली.

मॅडम ओरडल्या, "अहो मावशी, अख्खं दुकान टाकलंत की!"

*

तिथं एक बाहुली आहे. कॉम्प्युटरवर श्वास घेते, खोकते, रडते. एकदा पुसता पुसता तिची छाती घरघरायला लागली. मी तिला खांद्यावर टाकलं आणि जिन्याकडं पळाले!

सर मागनं, "मावशी, वायर! वायर!"

पोरं पोट धरून हसली. मला न्हाय हसू आलं. माझ्या लेकीला दमा आहे. तिची छाती अशीच वाजते.

*

एकदा पेशंटचं सोंग करणारी ठरलेली बाई आली नाही, तर मॅडमनी मलाच बसवलं. कागदावर लिहिलं होतं, 'दमेकरी बाळाची घाबरलेली आई.'

सर म्हणाले, "मावशी, ॲक्टिंग जरा कमी करा."

मी अजून सुरूच केली नव्हती!

*

तेव्हापासून ते काम माझ्याच गळ्यात पडलं. त्यात मुद्दाम चुकायचं असतं. दम्याचा पंप न हलवताच दाबायचा, मग पोरांनी चूक धरायची. दिवसभर चुकून घरी गेले आणि लेकीला पंप देताना हातच थांबला. आमचे मालक गुजरातेत ट्रकवर असतात. त्यांना फोन लावला, "अहो, आधी हलवायचा का न्हाय?"

"कॉलेजात तू जातीस का मी?" म्हणाले, आणि फोन ठेवला.

*

मग आली पोरांची परीक्षा. समोर हुपरीची एक पोरगी, बाहुली माझ्या मांडीवर. तिनं हातातल्या प्रश्नांच्या यादीतलं विचारलं, "पंप देताना बाळाला कोण धरतं?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "कोण न्हाय. लाथा मारती, पंपाचा तोंडावरचा मास्क निसटतो. एकटीनं कसं धरायचं, सांग की बाई!"

पोरगी यादी वरखाली करायला लागली. मग हळूच म्हणाली, "मावशी, हे यात न्हाय ओ. माझे मार्क जातील."

काचेमागनं मॅडम माईकवर बोलल्या, "मावशी, कागदावरचं बोला."

मी कागद बघितला. म्हटलं, "सासूबाई धरतात."

पोरीला पैकीच्या पैकी मिळाले!