उसना बर्फ
ओल्या गोणपाटाचा वास आला की खजुरीच्या शाळेतली ती उन्हाळी दुपार आठवते. दक्षिण ध्रुवाजवळ समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या थरांचा धडा मी कितव्यांदा तरी शिकवत होतो आणि नेहमीसारखंच कुणाला काही कळत नव्हतं. शेवटी वैतागून समोरच्या रसवंतीवाल्याकडून पाटाएवढा बर्फ गोणपाटात गुंडाळून मागून आणला. "तास सुटला की परत द्या गुरुजी, गिऱ्हाईक हाय," त्यानं बजावलं होतं. पोरींनी टपात पाणी भरलं, मीठ टाकलं, बर्फ सोडला आणि पट्टीनं पाणी ढवळत बसल्या. बराच वेळ गेला तरी बर्फ वरून पांढरा, जिथल्या तिथं. "सर, कुठं वितळायलाय?" एकीनं विचारलं. मी म्हणालो, समुद्राचं पाणी बर्फाहून जरासं गरम असतं, ते खालून लागतं, हात घालून बघ. तिनं हात घातला आणि ओरडली, "सर, खाली न्हाईच की!" तेवढ्यात रसवंतीवाला दारात आला. टपात डोकावून "हाय की सगळा!" म्हणत तो बर्फ उचलायला गेला, तर पापडासारखा तुकडा त्याच्या हातात मोडला. वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण पाण्यात मीठ का टाकलं ते अजून सांगायचं होतं. परवा निवृत्तीचे कागद घेऊन आळंदच्या बसची वाट बघत बसलो होतो, तर तोच रसवंतीवाला भेटला. मला खालीवर न्याहाळत म्हणाला, "गुरुजी, हाय तसेच दिसायलाव की!" मी म्हणालो, "व्हय अण्णा, वरून."